किडनी पेशंटचा डबा: भाजीला पैकीच्या पैकी, पण मेनू सगळ्यांना एकच?

पुण्यात हल्ली किडनीवाल्यांसाठी स्पेशल डबा देणारे बरेच झालेत, त्यातल्या एका घरगुती किचनचा डबा आम्ही ह्यांच्यासाठी लावलाय म्हणून लिहितेय. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि बाई बिचाऱ्या एकट्या सगळं बघतात. ह्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, त्यात माझी नोकरी, घरात दोन प्रकारचा स्वयंपाक काही जमेना.

भाजी मात्र एक नंबर. बटाटा सोलून पातळ कापायचा, भरपूर पाण्यात उकडायचा, ते पाणी फेकायचं आणि मगच फोडणीला टाकायचा, हे त्या खरंच करतात, मी स्वतः जाऊन बघून आले. किडनीवाल्यांना पोटॅशियम कमीच हवं आणि ते पाण्यात उतरतं ना, म्हणून एवढा खटाटोप. बाकीचे काय करतात तर नुसतं मीठ कमी घालायचं आणि टोमॅटो, शेंगदाण्याचं कूट, ओलं खोबरं सगळं सुरूच. इथे तसं नाही. दुधी, दोडका, कोबी असतं जास्त करून, पण जिरं, मिरी, लसूण ठेचून घालतात आणि वरून जरासं लिंबू, त्यामुळे अळणी असूनही घशाखाली उतरतं (हे ह्यांचं मत हं, आमच्या मुलाने एक घास खाऊन तोंड वाकडं केलं).

डबा लावायच्या आधी मीठ कुठलं वापरता ते मी विचारलं होतं, तुम्ही पण विचाराच. बीपीवाल्यांसाठी ते लो सोडियम मीठ मिळतं ना, त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं, म्हणजे किडनीवाल्याला नेमकं नको तेच! रक्तात पोटॅशियम वाढलं तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर येतं. ह्या बाई साधंच मीठ घालतात, पण चमच्याने मोजून, त्यामुळे मी निश्चिंत.

आता तक्रार. मेनू सगळ्यांना एकच. ज्यांचं डायलिसिस अजून सुरू नाही त्यांना डॉक्टर प्रोटीन कमी खायला सांगतात, आणि डायलिसिसवाल्यांचं उलट, कारण मशीनवर थोडं प्रोटीन निघून जातं, त्यांना जास्त लागतं. ह्यांना डाएटिशियनने रोज अंड्याचा पांढरा भाग सांगितलाय आणि डब्यात येतं काय तर मुगाचं पातळ वरण. फोन केला तर म्हणाल्या, ताई आमच्याकडे अंडं होत नाही. ठीक आहे, नसेल होत, पण मग जाहिरातीत डायलिसिस पेशंटसाठी असं लिहू नका ना. आता अंडी मी सकाळी घरीच उकडून ठेवते.

आणि ते वरण, अहो केवढं पातळ! वाटीभर नुसतं पाणीच. ह्यांना दिवसाला लिटरभर पाण्याची मुभा, त्यात चहा, ताक, औषधाचं पाणी, वरण सगळं धरायचं. पाणी जास्त झालं की पुढच्या डायलिसिसला काट्यावर वजन दिसतंच, मग तेवढं सगळं पाणी मशीनने चार तासांत ओढायला गेलं की बीपी पडतं, पायात गोळे येतात, घरी आल्यावर माणूस उठत नाही. तीनदा सांगितल्यावर वरण घट्ट यायला लागलं, दोन दिवस. परत ये रे माझ्या मागल्या.

वेळेचं पण बघायला हवं. जेवणातलं फॉस्फरस अडवणारी गोळी जेवणासोबतच घ्यायची असते, आधी नाही की तासाभराने नाही, आणि डबा कधी साडेबाराला येतो कधी दोनला. घरी असलं की चालून जातं पण डायलिसिसच्या दिवशी जाम चिडचिड होते.

एका वेळेचे 180 रुपये, घरपोच. महाग आहे, खोटं कशाला बोलू. पण रोज भाज्या उकडून पाणी फेकत बसायचा माझा वेळ वाचतो, म्हणून दुपारचा चालू ठेवलाय, रात्रीचा बंद केला. डायलिसिस सुरू नसलेल्यांना जास्त उपयोगाचा आहे असं मला वाटतं, तरी आपला पोटॅशियम-फॉस्फरसचा रिपोर्ट डाएटिशियनला दाखवून मगच लावा, मेनूचा फोटो मागितला की बाई लगेच व्हॉट्सॲपवर पाठवतात. रविवारी सुट्टी असते. आणि डबा स्टीलचाच मागा, प्लास्टिकच्याला लसणाचा वास राहतो.