वाड्यातली पेन कॅन्सल तिकिटं आणि माझे ₹३८,५००

'नागपूरच्या महाल भागातला आमचा वाडा पाडायला काढलाय, आजोबांच्या पेटीत जुन्या टपाल तिकिटांचं घबाड निघालं' असं सांगत कुणी आलं तर त्याला चहासुद्धा पाजू नका. मी पाजला, वर ३८,५०० रुपये दिले.

हिशेब आधीच मांडतो, म्हणजे कुणाला खोदून विचारायला नको. १८५४ ची निळी अर्धा आणा, दोन नग, प्रत्येकी ९,०००. एडवर्ड राजाची लाल एक आणा, सहा नग, प्रत्येकी २,०००. व्हिक्टोरिया राणीचं तिकीट लावलेलं एक पाकीट, ८,५००. सगळा माल पेन कॅन्सल, म्हणजे ठप्प्याऐवजी शाईची रेघ नाहीतर सही मारून रद्द केलेला. ११,००० इसार यूपीआयने, उरलेले २७,५०० इतवारीतल्या एका हॉटेलात रोख. रोख देऊच नका. त्याने पावतीचं नाव काढलं नाही आणि घरच्या माणसासारखं बोलणाऱ्याकडे मीही मागितली नाही.

मी नवशिका नाही. शाळेत असल्यापासून जमवतोय. पेन कॅन्सलची आवड अशी की रेघेत त्या पोस्टमास्तरचा हात दिसतो. देशभरासाठीची तिकिटं ऑक्टोबर १८५४ मध्ये आली, नागपूरचं राज्य तेव्हा नुकतंच खालसा झालेलं. "कामठीच्या छावणीत ठप्पा पोचलाच नव्हता काका, मुनशी मोडीत सही मारायचा," असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. ज्याला इतिहासातलं ओ की ठो कळत नाही, त्याला असल्या गोष्टीने फसवताच येत नाही.

आता त्या हॉटेलातला तो क्षण, जो रात्री झोपू देत नाही. अर्धा आण्याचं तिकीट चिमट्यात धरून मी ट्यूबलाइटखाली नेलं. काळपट शाईची तिरपी रेघ, खाली मोडीसारखी वळणं. आणि रेघ तिकिटाच्या कडेच्या केसभर आत थांबलेली. दोन्ही टोकांना. दुसऱ्या तिकिटावरही तसंच. अहो, तिकीट पाकिटावर चिकटवलेलं असताना माणूस पेन फिरवतो, तेव्हा रेघ तिकिटावरून पाकिटावर जाते. पुढे तिकीट सुटं केलं की रेघ कडेला कापलेली दिसते. कडेच्या आत अदबीने थांबणारी रेघ सुट्या तिकिटावर, टेबलाशी बसून, सावकाश मारलेली असते. हे मला माहीत होतं, नव्या पोरांना मीच शिकवलंय. पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला, "मुंबईची पार्टी दुपारच्या गाडीने येऊन राहिली जी," आणि मी चिमटा खाली ठेवला. फोन त्याच्याच माणसाचा असणार. घाई करणाऱ्याचा माल घेऊ नका, मग तो कोहिनूर का असेना.

घरी भिंगाखाली धरलं तर निळ्या छपाईत रंगीत ठिपके. १८५४ चं तिकीट दगडी छापाचं, त्यात असे ठिपके येतील कुठून? नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली कागद पांढराशुभ्र चमकला, म्हणजे कागद आजकालचा. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यांना दाखवलं. ते म्हणाले, यात एकही अक्षर नाही, नुसत्या वेलांट्या आहेत.

एडवर्डची सहा तिकिटं मात्र अस्सल, आणि तीच जास्त झोंबतात. १९०६ पासून त्या एक आण्यावर 'पोस्टेज अँड रेव्हेन्यू' छापलेलं असायचं, कारण तेच तिकीट पावतीलाही चालायचं. २० रुपयांच्या वरच्या पावतीवर एक आण्याचं तिकीट लावून त्यावर आडवी सही करायची, हा तेव्हाचा कायदा. म्हणजे ही कुणा सावकाराची नाहीतर किराणेवाल्याची सही. टपालाशी काही संबंध नाही, आणि बाजारात अशी तिकिटं किरकोळ भावात मिळतात. सहीवाल्या सुट्या तिकिटाला टपालाचा भाव देऊ नका, सोबत अख्खं पाकीट असल्याशिवाय. आणि पाकीट असलं तरी उलटून बघा, मागे पोचल्याचा ठप्पा आहे का. माझ्या ८,५०० च्या पाकिटाची मागची बाजू कोरी करकरीत. उलटाही धंदा चालतो बरं: पेनाची शाई धुऊन तिकीट 'न वापरलेलं' म्हणून विकतात.

आता यंत्रणेची कहाणी. ठाण्यातला हवालदार तिकीट उलटंपालटं करून म्हणाला, "याचे साडेअडतीस हजार काहून देल्ले जी? तिकिटं तर भेटली ना तुम्हाले?" बाकावरची माणसं हसली. साहेब म्हणाले, इतवारी आमच्या हद्दीत नाही. इतवारीकडचे म्हणाले, इसार घरून पाठवला ना, मग तिकडेच जा. हद्द कुठलीही असो, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो असं मी सांगितलं, तर "वकील आहात का?" फसवणुकीचं कलम ३१८ म्हटल्यावर माझ्याकडे अशी नजर टाकली की आरोपी मीच. शेवटी फर्मान निघालं, तिकिटं खोटी असल्याचा सरकारी दाखला आणा. पोस्टात गेलो. तिथे काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, आम्ही नवी विकतो, जुनी तपासत नाही. मग सरकारी दाखला देणार कोण, झिरो माइलचा दगड? बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. माझी संमती १८५४ च्या तिकिटाला होती हो, रंगीत झेरॉक्सला नाही! वर प्रत्येक टेबलावरचं तेच वाक्य, "या वयात कशाला हे नाद?" नाद असणं गुन्हा आहे का? दारू प्यायलो असतो तर निदान सहानुभूती मिळाली असती. अर्जाची पोच तेवढी हातात आहे, तीसुद्धा शिक्का न मारलेली.

ऑनलाइन पैसे गेले तर ठाण्याच्या आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, त्याच तासाला. मला हे उशिरा कळलं, तोवर ११,००० त्या खात्यातून पुढे सरकले होते.

तो आता दुसऱ्या नंबरावरून विकतोय. वाडा महालातून उमरेडला गेलाय, आजोबा तेच. संग्राहकांच्या ग्रुपवर मी दोन्ही तिकिटांचे फोटो टाकले, तर अॅडमिनने 'वातावरण बिघडवू नका' म्हणून मलाच काढलं. दिवाळीनंतर नागपुरात कुणी ही अर्धा आणा घेतली असेल तर यूपीआयची नोंद आणि त्याच्याशी झालेलं चॅट पुसू नका. दोन-तीन तक्रारदार एकत्र गेले तर ठाण्यात निदान बसायला सांगतात. मी यायला तयार आहे.