डीसी टाँग टेस्टर रिव्ह्यू: थंडीत चालू न होणाऱ्या पिकअपवर वापरून बघितला

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच पद्धतीचे मीटर बऱ्याच जणांचे येतात आणि आतलं फंक्शन महत्त्वाचं, वरचं स्टिकर काही का असेना. घ्यायचं काय तर डीसी अँपिअर मोजणारा टाँग टेस्टर म्हणजे क्लॅम्प मीटर, ६०० अँपिअरपर्यंतचा, झीरोचं बटण आणि मिन-मॅक्स (सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवणारं) असलेला. लाइटवाल्यांकडे जो साधा टाँग असतो तो फक्त एसी करंट मोजतो, त्याच्या जबड्यात नुसती कॉइल असते, बॅटरीच्या वायरीवर लावला की शून्य दाखवत बसतो. डीसीवाल्यात हॉल सेन्सर, म्हणजे करंटचं चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फोटोत तर अजिबात कळत नाही, आणि काही ठिकाणी खोक्यावर मोठ्ठं एसी/डीसी लिहिलेलं असतं ते व्होल्टेजबद्दल असतं. स्पेसिफिकेशनमध्ये डीसी करंटची वेगळी ओळ दिसली तरच घ्या.

आता ज्या गाडीवर वापरला ती. चार सिलिंडरची जुनी डिझेल पिकअप, दुपारी एका सेल्फला चालू, आणि कडाक्याच्या थंडीत सकाळी घर्र... घर्र... करत मरगळल्यासारखी फिरणार आणि पकडणारच नाही. एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडून बघितलं न बघितलं आणि "साहेब, बॅटरी गेलीय" म्हणून नवी बसवून दिली. फरक पडला, थोडा. जास्त थंडी पडली की परत तेच. मग दुसऱ्याचं मत आलं की सेल्फ खोलून कार्बन ब्रश बदलावे लागतील, तिसरा म्हणाला पंप. प्रत्येकजण पार्टचं नाव घेत होता पण मोजून कोणीच काही बघत नव्हतं, आणि दुपारी गॅरेजला गाडी नेली की ती तिथे शहाण्यासारखी चालू व्हायची, मग मेकॅनिकला तरी काय दिसणार! म्हणून हा मीटर घेतला.

मोजायचं ते गाडी रात्रभर बाहेर उभी राहिल्यावर, पहिला सेल्फ मारायच्या आधी. एकदा इंजिन तापलं की त्या दिवसापुरता पुरावा गेला. पहिलं माप नुसत्या बॅटरीचं, काही चालू न करता. १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा आणि मगच पुढचं, कारण अर्धवट चार्ज बॅटरीवर केलेल्या बाकीच्या सगळ्या टेस्ट फसव्या. आमच्या गाडीला १२.६ दाखवलं. पण उभ्या बॅटरीच्या आकड्यावर फार विसंबू नका, म्हातारी बॅटरीसुद्धा निवांत असताना १२.६ दाखवते आणि सेल्फ मारला की मान टाकते. बॅटरीवर सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) म्हणून जो आकडा छापतात तो यासाठीच असतो, उणे १८ अंशाला ३० सेकंद तेवढे अँपिअर देऊनही बॅटरी ७.२ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. नवी घेताना तो आकडा गाडीच्या मॅन्युअलशी जुळवा, कमी सीसीएची घेतली तर उन्हाळाभर काही कळणार नाही.

खरी मजा सेल्फ मारताना. टाँग बॅटरीच्या जाड वायरीभोवती, प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) दोन टर्मिनलवर, आणि एक माणूस आत चावीला. हा मीटर व्होल्ट आणि अँपिअर एकाच वेळी दाखवत नाही, एक माप घेऊन मोड बदलून दुसरं घ्यावं लागतं, हा त्रास आहे. मिन-मॅक्स लावून ठेवलं की सेल्फ सुटल्यावरही सगळ्यात खालचा व्होल्ट स्क्रीनवर राहतो, नाहीतर त्या दोन-तीन सेकंदात आकडा वाचणार कोण. पंख्याच्या पट्ट्यापासून वायरी लांब ठेवा एवढं सांभाळा.

मग दोन आकडे शेजारी ठेवून विचार करायचा, आणि मला विचाराल तर अख्ख्या मीटरचे पैसे इथेच वसूल. व्होल्ट धाडकन ९ च्याही खाली गेला आणि अँपिअरही फार नाहीत, म्हणजे बॅटरीत दम नाही. (कडाक्याच्या थंडीत चांगली बॅटरीसुद्धा थोडी जास्त पडते, तेवढी सूट द्या.) व्होल्ट पडला, अँपिअर मात्र खूप जास्त आणि इंजिन तरी हळू फिरतंय, म्हणजे इंजिन जड जातंय किंवा सेल्फ आतून धरतोय, तेव्हा आधी ऑइल कुठलं आहे बघा. आणि बॅटरीवर व्होल्ट चांगला, अँपिअर कमी, तरीही इंजिन आळशी, हे तिसरं जे आहे त्यात करंट वाटेत कुठेतरी अडतोय. आमचं तिसरं निघालं. बॅटरीच्या टर्मिनलवर सेल्फ मारताना १०.३ व्होल्ट, म्हणजे बॅटरी बिचारी ठणठणीत.

वाट शोधायला टाँगची गरज नाही, नुसते प्रोब पुरतात. एक प्रोब बॅटरीच्या प्लसच्या खुंटीवर, दुसरा सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या आत दाखवायला पाहिजे, आम्हाला ०.३ मिळाला, ठीक. मग एक प्रोब मायनसच्या खुंटीवर आणि दुसरा थेट इंजिन ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी. इथे ०.२, फार तर ०.३ चालतं. मीटरने १.४ दाखवलं! म्हणजे सेल्फपर्यंत पोचायचे त्यातले जवळपास दीड व्होल्ट अर्थिंगमध्येच जिरत होते. इंजिनची अर्थिंगची पट्टी वरून अगदी झकास दिसत होती, बोल्ट घट्ट, पण लगच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी वरचं आवरण चाकूने कापलं तर आत तारा हिरव्यागार आणि बोटाने दाबल्या तर चुरा. अशी पट्टी नुसती बघून कोणाला सापडणार नाही, आणि ओहममध्ये मोजली तरी मीटर साधारण शून्यच दाखवतो, कारण जोडलेल्या चार तारा ओहमच्या टेस्टला पुरतात, सेल्फच्या दोन-तीनशे अँपिअरला नाही पुरत.

दुपारी का चालू व्हायची तेही इथेच कळतं. थंडीत ऑइल घट्ट झालं की इंजिन फिरवायला सेल्फला जास्त अँपिअर लागतात, आणि खराब जोडावर जितके जास्त अँपिअर ओढाल तितका जास्त व्होल्ट तिथे पडतो. वर बॅटरीही गारठलेली. दुपारी तोच जोड तितकाच खराब असतो पण मागणी कमी म्हणून निभावून जातं. नव्या बॅटरीने थोडा फरक का पडला तेही याच हिशोबात आलं.

ऑइलचं एवढ्यात सांगतो. डब्यावर डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. एसएई या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेच्या नियमात सेल्फवर फिरण्याची टेस्ट १५डब्ल्यूसाठी उणे २० ला होते, ५डब्ल्यूसाठी उणे ३० ला. बर्फाच्या भागात १५डब्ल्यू-४० घालून सेल्फला शिव्या देण्यात अर्थ नाही, मॅन्युअलमध्ये चालत असेल तर खालचा आकडा घ्या.

पट्टी बदलली, इंजिन छान जोरात फिरायला लागलं. आणि तरीही पहाटे पकडेना! एग्झॉस्टमधून पांढरा धूर मात्र भरपूर. पांढरा धूर म्हणजे डिझेल आत येतंय पण न जळता बाहेर चाललंय, आणि थंड डिझेल इंजिनात असं झालं की पहिला संशय हीटर प्लगवर, म्हणजे चालू करताना सिलिंडर आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगवर. डॅशबोर्डवर कॉइलचा दिवा लागतो आणि विझतो म्हणून सगळे समजतात प्लग चालू आहेत, पण जुन्या गाड्यांत तो दिवा नुसता टायमर असतो, सगळे प्लग मेले तरी तो इमानदारीत लागणार.

इथे टाँगने परत कमाल केली. प्लगना जाणाऱ्या मुख्य वायरीवर लावायचा, झीरो दाबायचं, चावी ऑन. या जातीचा एकेक प्लग सुरुवातीला जास्त ओढतो आणि तापला की साधारण दहाच्या आसपास अँपिअरवर येऊन थांबतो, म्हणजे चार सिलिंडरला चाळीसच्या घरात पाहिजे. आमचा आकडा खाली येत येत वीसवर थांबला. दोन प्लग गेलेले, एकही वस्तू न खोलता कळलं. कुठले दोन हे शोधायला मात्र वरची जोडपट्टी काढून एकेक प्लग ओहममध्ये मोजला, चांगला साधारण एक ओहमच्या आत-बाहेर दाखवतो, मेलेला ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं. नव्या गाड्यांत काही प्लग १२ व्होल्टचे नसतात, कमी व्होल्टवर मॉड्यूलने चालवतात, त्यांना बॅटरीवरून डायरेक्ट वायर लावून तपासायला गेलात तर चांगला प्लगही जाळून ठेवाल. आणि हीटर प्लग किंवा इनटेक हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका हो, कोणी कितीही सांगू दे. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधी पेटतो, पिस्टन फुटल्याची उदाहरणं आहेत.

जे लोक विचारतील की यापेक्षा गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्टचे कोड वाचणारा स्कॅनर का नाही घेतला, तर स्कॅनरचं काम वेगळं. माझ्याकडे एक साधा आहे. नव्या गाडीत प्लगचे कोड येतात, पी ०६७१ पासून पुढे सिलिंडरप्रमाणे, किंवा कंट्रोलचा पी ०३८०, तिथे तो पटकन दिशा देतो. त्याचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचणं, दोन्ही बाहेरच्या हवेशी जुळले पाहिजेत, आणि पेट्रोल गाडीत कूलंट सेन्सर खोटं गरम दाखवत असेल तर कॉम्प्युटर पेट्रोलच कमी सोडतो आणि थंडीत गाडी उठत नाही. पण कुजलेल्या अर्थिंगचा कोड कुठलाच स्कॅनर देणार नाही.

या मीटरने जे कळत नाही तेही सांगतो. डिझेल गोठलं असेल तर मीटर काय करणार. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत त्याचे कण होतात आणि फिल्टर चोक होतो, तेव्हा इंजिन जोरात फिरतं, धूर मात्र जवळपास नाहीच, किंवा चालू होऊन मिनिटभरात बंद पडतं. थंडीचं डिझेल वेगळं येतं ते यासाठी, आणि ॲडिटिव्ह टाकायचं तर गोठायच्या आधी, नंतर टाकून उपयोग नाही. तशी गाडी गरम जागेत नेऊन फिल्टर बदलणं हाच मार्ग.

बारीक करंटलाही हा कामाचा नाही. बंद गाडी रात्री बॅटरी खाते का हे बघायचं तर साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत आहे का ते मोजायचं असतं, आणि हा ६०० अँपिअरचा जबडा तेवढ्यात नुसता भरकटतो. त्यासाठी साधा मल्टीमीटर सिरीजमध्ये लावा, सगळे मॉड्यूल झोपेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबा, आणि तो तसाच लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, १० अँपिअरचा फ्यूज एका झटक्यात जाईल.

आता कापलेला स्टार. मॅन्युअलमध्ये छापलंय की वापरायचं तापमान शून्य ते चाळीस अंश, आणि थंडीचा फॉल्ट शून्याखालीच शोधायचा असतो! उणे तापमानात स्क्रीनचे आकडे आळसावतात, आतले छोटे सेल पण मान टाकतात. मी मीटर जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवून फक्त मापापुरता बाहेर काढतो, चालतो तसा. झीरोही थंडीत सरकत राहतं, प्रत्येक वेळी जबडा रिकामा करून बटण दाबायचं, नाहीतर तीन-चार अँपिअरचा फरक येतो, सेल्फला तो किरकोळ आहे पण एकेका प्लगला नाही. आणि सोबतचे प्रोब तर थंडीत काठीसारखे कडक होतात, टर्मिनलवरून सटकतात, त्यामुळे सिलिकॉनच्या वायरी आणि मगरीच्या तोंडाचे क्लिप वेगळे घ्या, मग सेल्फ मारायला दुसरा माणूस नसला तरी एकट्याने जमतं.