डीलचे चॅनल की एका विषयाची साइट? ॲफिलिएटमध्ये नव्याने उतरणाऱ्यासाठी

ॲफिलिएटच्या कामात, म्हणजे दुकानाच्या वस्तूची लिंक देऊन तिच्यावरून झालेल्या विक्रीवर कमिशन मिळवण्याच्या कामात, नव्याने उतरलेल्या ज्या ओळखीच्या मंडळींशी अलीकडे बोलणे झाले, त्यांच्यापैकी बहुतेकांची मेहनत कमी पडलेली नव्हती. टेलिग्राम, इन्स्टाग्राम, ब्लॉग आणि यूट्यूब अशा चारही ठिकाणी त्यांचे थोडे-थोडे काम करून झाले होते आणि चारपैकी एकाही ठिकाणी काही उभे राहिलेले नव्हते. माझी पहिल्या चार महिन्यांतली अवस्था याहून वेगळी नव्हती. कॅमेऱ्यासमोर मला बोलता येत नाही, त्यामुळे व्हिडिओ आपोआपच मागे पडला आणि माझ्यापुरते दोनच पर्याय उरले: दिवसभर सवलतीच्या वस्तूंच्या लिंका टाकणारे टेलिग्राम चॅनल, किंवा एकाच विषयावर सावकाश वाढत जाणारी मराठी साइट. हे दोन्ही पर्याय मी फोर्टमधली नोकरी सांभाळून चालवून पाहिले आहेत, त्यामुळे पुढचे सगळे एका नोकरदाराच्या नजरेतून लिहिलेले आहे, हे वाचताना लक्षात ठेवावे.

चॅनलची बाजू आधी मांडतो, कारण तिच्यात दम आहे. चॅनल सुरू करायला पैसे लागत नाहीत आणि पहिले कमिशन दिसायला फार दिवसही लागत नाहीत. सोसायटीचा ग्रुप, जुने वर्गमित्र आणि कार्यालयातले सहकारी एवढ्यांना जोडून घेतले, तरी पहिल्याच आठवड्यात कोणीतरी काहीतरी विकत घेते. ॲमेझॉनचा नियमही या पद्धतीला मानवणारा आहे. आपल्या लिंकवरून आत गेलेल्या माणसाने पुढच्या 24 तासांत जे काही मागवले, त्यातल्या पात्र वस्तूंचे कमिशन आपल्याला मिळते. मग तो आपण सुचवलेली वस्तू घेवो किंवा न घेवो. माझ्या एका इअरफोनच्या लिंकवरून आत गेलेल्या कोणीतरी इअरफोन घेतलेच नाहीत, पण बेडशीटचे तीन जोड आणि कुंडीत घालायचे खत मात्र मागवले. अहवालात त्या नोंदी पाहिल्या तेव्हा मला गंमत वाटली होती.

चॅनल सोडण्यामागे तशी अनेक कारणे सांगता येतील, पण खरे कारण एकच होते, आणि ते ऐकायला किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. ते कारण म्हणजे ‘संपली’ हा शब्द. सवलतीचा भाव टिकाऊ नसतो. मी सीएसएमटीला गाडीत चढताना एखाद्या मिक्सरची लिंक 2,199 रुपये असे लिहून टाकत असे आणि गाडी कुर्ल्याला पोहोचेपर्यंत खाली पहिला प्रतिसाद आलेला असे: ‘इथे तर 2,849 दाखवतंय.’ घाटकोपरपर्यंत तशाच आशयाचे आणखी तीन येत, आणि विक्रोळीच्या सुमारास कोणीतरी वडीलकीच्या सुरात लिहीत असे, ‘दादा, भाव बघून टाकत जा.’ भाव मी पाहूनच टाकलेला असे. पण तो दुकानाने बदलला की मी चुकवला, याच्याशी वाचणाऱ्याला काही देणेघेणे नसते आणि ते नसणे योग्यही आहे. मग संध्याकाळच्या गर्दीत एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जुना संदेश उघडायचा, त्याच्या माथ्यावर ‘संपली’ असे लिहायचे आणि पुढच्या संदेशाकडे वळायचे, असा माझा भांडुपपर्यंतचा प्रवास होऊ लागला. दिवसाला वीस लिंका टाकल्या तर त्यांतल्या निम्म्यांची तरी अशी उत्तरक्रिया करावी लागे, आणि ती वेळेवर केली नाही तर दुसऱ्या दिवशी चॅनल सोडून जाणाऱ्यांचा आकडा मुकाट्याने वाढलेला दिसे.

याहून अधिक बोचणारी गोष्ट ही होती की, या कामातून मला काहीही शिकायला मिळत नव्हते. सकाळी प्रेशर कुकर, दुपारी धावण्याचे बूट, संध्याकाळी कपड्यांचा साबण आणि रात्री बाराला मोबाइल. यांतल्या एकाही वस्तूबद्दल कोणी साधा प्रश्न विचारला असता, तर मला उत्तर देता आले नसते. गणपतीच्या दिवसांत, घरी आरती सुरू असताना, खिशातला फोन थरथरला आणि माझा हात आपसूक तिकडे गेला. आईने काहीही म्हटले नाही, फक्त पाहिले. तिथून पुढे माझे मन या कामातून उठले, असे म्हटले तरी चालेल.

किमतीबाबत एक नियम मला फार उशिरा वाचायला मिळाला. ॲमेझॉनच्या अटींनुसार वस्तूचा भाव आपल्या हाताने लिहून दाखवायचा नसतो. तो त्यांनी दिलेल्या अधिकृत यंत्रणेतूनच, म्हणजे आपोआप बदलत राहील अशा रीतीने दाखवावा लागतो. आकड्याशिवाय डील कोण वाचणार, हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. नव्या माणसाने चॅनल काढण्यापूर्वी ज्या-ज्या दुकानाच्या लिंका द्यायच्या, त्यांच्या अटी निदान एकदा सावकाश वाचाव्यात, एवढेच सुचवतो. आपल्याच लिंकवरून स्वतःसाठी किंवा नातेवाइकांसाठी आपण केलेली खरेदी धरली जात नाही, हेही त्याच अटींमध्ये असते, आणि मावशीचा कुकर मागवून देणारे बहुतेक जण ते नंतर शोधून काढतात.

साइटचा विषय मला शोधावा लागला नाही. तो घराजवळच होता. मी भांडुपला राहतो. तानसा, वैतरणा, भातसा या नावांशी मुंबईकराची ओळख मुख्यतः पावसाळ्यात, तलाव किती टक्के भरले या बातमीपुरती असते. पण शहराच्या मोठ्या भागाला मिळणारे पाणी आमच्याच भांडुप संकुलात शुद्ध होऊन पुढे जाते. एवढे असूनही आमच्या इमारतीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात आरओचे, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणारे यंत्र टांगलेले होते, आणि त्याच्या नळीतून वाया जाणारे पाणी मोरीत वाहत होते. मी पेनसारखे दिसणारे टीडीएसमापक, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे साधन, मागवले, आमच्या नळाच्या पाण्यात बुडवले आणि आकडा शंभराच्या आतच थांबला. भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस 10500 नुसार, पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असणे स्वीकारार्ह आहे. क्षार एवढे कमी असलेल्या पाण्यावर आरओ वापरण्यास बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने मे 2019 मध्ये सरकारला सांगितले होते. मग ही सगळी यंत्रे इथे काय करत आहेत, असा प्रश्न मला पडला आणि तोच माझ्या साइटचा पहिला लेख झाला.

एका विषयाला धरून राहण्याचा खरा फायदा मला इथे कळला. पहिल्या लेखाखाली एका बाईंनी विचारले की, मापकाचा आकडा कमी आला म्हणजे पाणी न उकळता प्यायले तर चालेल का? मापक फक्त विरघळलेले क्षार सांगते, जंतूंबद्दल ते काहीही सांगत नाही, आणि इमारतीची टाकी वर्षानुवर्षे धुतलेली नसेल तर पालिकेचे चांगले पाणीही तिथे बिघडते. हे समजावून सांगता-सांगता दुसरा लेख तयार झाला. जिथे टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी येते, त्यांनी काय करावे, हा तिसरा. यूव्हीच्या, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणाऱ्या यंत्रातला कोणता दिवा किती महिन्यांनी बदलावा लागतो, हा चौथा. डीलच्या चॅनलवर वाचकाचा प्रश्न म्हणजे तक्रार असे. इथे प्रश्न म्हणजे पुढच्या आठवड्याचे काम होते. लक्ष एकाग्र कसे करावे, याबद्दल लोक बरेच काही सांगतात, पण माझ्या बाबतीत ते लक्ष वाचकांनीच लावून दिले.

आता अवघड भाग. नळाला पालिकेचे पाणी येणाऱ्या मुंबईकराला मी प्रामाणिकपणे यूव्हीचे साधे यंत्र सुचवतो, आणि ते आरओपेक्षा बऱ्याच वेळा स्वस्त असते. कमिशन टक्केवारीवर असल्यामुळे प्रत्येक खऱ्या सल्ल्यामागे माझे थोडे नुकसान ठरलेले आहे. काही वाचकांना तर मी टाकी धुऊन घ्या आणि पाणी उकळून प्या, एवढेच सांगतो, ज्यात मला एक पैसाही मिळत नाही. तरीही हेच वाचक चार-सहा महिन्यांनी यंत्राचे सुटे भाग घ्यायला माझ्याच लिंकवर परत येतात, असा माझा अनुभव आहे. तो सगळ्यांचा असेलच, असे मी म्हणणार नाही.

साइटच्या उणिवाही सांगायला हव्यात, कारण त्या थोड्या नाहीत. पहिले पाच महिने माझ्याकडे जवळजवळ कोणीही फिरकले नाही. डोमेन आणि होस्टिंगचा खर्च चालू, लेखांवर रविवार जात होते आणि अहवालात शून्य. माणूस याच टप्प्यावर उठून पुन्हा चॅनलकडे वळतो. मीही दोनदा वळलो होतो. शिवाय मराठी माणूस शोधताना मराठी प्रश्न बहुधा रोमन लिपीत टंकतो, त्यामुळे देवनागरीत लिहिलेला लेख त्याच्यापुढे येईलच, याची खात्री नसते. अलीकडे गूगल काही प्रश्नांची उत्तरे स्वतःच सगळ्यात वर लिहून दाखवू लागले आहे. ‘आरओ म्हणजे काय’ अशा लेखाला त्यामुळे वाचक मिळणे कठीण झाले आहे. ‘माझ्या इमारतीत दोन वेळा टँकर येतो आणि एक वेळ पालिकेचे पाणी, तर काय घ्यावे’ अशा अडलेल्या प्रश्नांना मात्र अजून माणूस लागतो, असे दिसते.

पैशांच्या हिशेबात आणि नियमांत दोन्हीकडे फारसा फरक नाही. कमिशनवरच्या प्राप्तिकर कपातीचा दर 1 ऑक्टोबर 2024 पासून 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आला. या कपातीलाही टीडीएसच म्हणतात, आणि पाण्याच्या साइटवर त्यावरून झालेले घोटाळे मी इथे सांगत बसत नाही. लिंकमधून आपल्याला पैसे मिळतात, हे वाचकाला स्पष्ट सांगणे दोन्हीकडे बंधनकारक आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने, जिचे कार्यालय मुंबईतच आहे, 2021 मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सरसाठी) याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि मजकूर मराठीत असेल तर ही सूचनाही वाचकाला समजेल अशीच असावी, असा त्यांचा रोख आहे. साइटवर हे वाक्य लेखाच्या सुरुवातीला एकदा लिहिले की काम झाले. चॅनलवर ते दिवसातून वीस वेळा लिहावे लागते आणि घाईत पहिला बळी त्याचाच जातो.

तरीसुद्धा चॅनल कोणी काढूच नये, असे मला म्हणायचे नाही. ज्याचे दुकान आहे, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात ज्याचा फोन हातातच असतो आणि ज्याला भावतोलाची मुळात आवड आहे, अशा माणसाला ते शोभते. माझे चॅनल आता माझा मामेभाऊ चालवतो. त्याचे डोंबिवलीला मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, आणि त्याने पहिल्याच महिन्यात कुकर, बूट, साबण हे सगळे काढून टाकून फक्त चार्जर, कव्हर आणि केबल एवढेच ठेवले. त्याचे सदस्य निम्मे झाले, पण ‘भाव बघून टाकत जा’ असे त्याला क्वचितच कोणी म्हणते, कारण कोणती केबल दोन महिन्यांत तुटते, हे तो आकड्याशिवायही सांगू शकतो.

साइट निवडणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. ॲमेझॉनकडे नोंदणी केल्यापासून 180 दिवसांत निदान तीन पात्र विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खाते बंद होते. चॅनलवाल्याला ही अट जाणवतही नाही, पण पहिले पाच महिने वाचकच नसलेल्या साइटला ती गळ्याशी येते. मी उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी साइटसाठी नोंदणी केली आणि ते खाते गमावले. दुसऱ्या वेळी आधी दहा लेख लिहिले, लोक खाली प्रश्न विचारू लागले आहेत हे पाहिले, आणि मगच अर्ज भरला.