कोरड्या नायट्रोजनमधील बुश: ग्राफाइट, मॉली की टेफ्लॉन?

वेंगुर्ले-कुडाळ पट्ट्यातील काजू कारखानदार पॅकिंग यंत्राचे बुश (फिरत्या वा सरकत्या शाफ्टला आधार देणारी नळी) बदलणार असेल, तर त्याने आधी पॅकिंगसाठी सोडलेला नायट्रोजन कुठवर पोहोचतो ते पाहावे. तो केवळ पिशवीत सोडला जात असेल, तर सरकणारे भाग साध्या हवेतच राहतात आणि नेहमीचे बुश चालतात; शाफ्ट आणि बुशसुद्धा वायूने भरलेल्या बंद कक्षात असतील, तर मात्र ओळखीचे ठोकताळे उलटतात.

ग्राफाइटचे थर सहज घसरतात ते हवेतील बाष्पाच्या जिवावर, कारण पाण्याचे रेणू थरांच्या कडांना चिकटून त्यांची एकमेकींना धरण्याची ओढ मोडतात. उणे ४० अंश दवबिंदूच्या (म्हणजे इतके थंड केल्यावरच ज्यातले बाष्प साकळू लागते अशा) नायट्रोजनमध्ये दहा लाख भागांत जेमतेम १२७ भाग बाष्प असते. आषाढातल्या कोकणी हवेत तेच ३०,००० च्या आसपास असते. कोरड्या वायूत ग्राफाइटचे घर्षण कित्येक पटींनी वाढते आणि त्याची काळी भुकटी होते. दुसऱ्या महायुद्धात अतिउंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतील कार्बन ब्रश याच कारणाने झपाट्याने झिजले. पांढऱ्याशुभ्र काजूगरावर अशी भुकटी पडली, तर मालाची प्रतच जाते.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड, म्हणजे कारागिरांचे ‘मॉली’, नेमके उलटे वागते. कोरड्या नायट्रोजनमध्ये त्याचा घर्षणगुणांक ०.०५ किंवा त्याहूनही कमी असतो, पण दमट हवेत तो ०.१५ च्या पुढे जातो आणि लेप लवकर झिजतो. सफाईसाठी पावसाळ्यात रोज तासन्‌तास उघड्या राहणाऱ्या कक्षात मॉलीचा लेप मला परवडणारा वाटत नाही.

टेफ्लॉनला बाष्प असो वा नसो, फारसा फरक पडत नाही. शुद्ध टेफ्लॉन मात्र भरणद्रव्य (झीज रोखण्यासाठी मिसळलेली पूड किंवा तंतू) घातलेल्या टेफ्लॉनपेक्षा शेकडो पट वेगाने झिजते, त्यामुळे ते घेऊच नये. भरणद्रव्यातही खोच आहे: कार्बन-ग्राफाइट घातलेला प्रकार पुन्हा ओलाव्यावरच अवलंबून राहतो, तर काचतंतू मऊ स्टेनलेस शाफ्टला ओरखडतात.

लेपाविना स्टेनलेसवर स्टेनलेस फिरवण्याचा विचारही करू नये. ऑक्सिजनअभावी खरवडलेला ऑक्साइडचा थर पुन्हा धरत नाही आणि धातू धातूला चिकटतो.

माझा कल कांस्य भरलेल्या टेफ्लॉनकडे आहे. कक्ष आठवडेच्या आठवडे बंद राहणार असेल आणि बुश मालाच्या वर येत नसेल, तरच मॉली निवडावे. खरेदीपूर्वी पुरवठादाराकडून भरणद्रव्याचे नाव आणि अन्नाशी संपर्काची मान्यता लेखी घ्यावी.