जुन्या बुलेटची चाके, नवे टायर आणि दोन मिलिमीटर जादा स्पोक : वापरानंतरचा अनुभव

हा अनुभव मी वर्ष पूर्ण झाल्यावर लिहिणार होतो. पण गेल्या महिन्यात पसरणी घाट चढताना मागच्या चाकातली हवा काही क्षणांत गेली आणि त्याचे जे कारण निघाले, ते जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला चाके बांधून घेण्याआधी माहीत असावे, असे वाटल्यामुळे आजच लिहीत आहे. टायरमध्ये खिळा नव्हता, काच नव्हती, टायर जेमतेम अर्ध्या वर्षाचा होता. वाईच्या पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात धरली, तेव्हा बुडबुडे रस्त्याच्या बाजूने न येता रिमच्या बाजूने आले. व्हॉल्व्हची जागा जुळवून त्याने ट्यूब रिमवर ठेवली आणि भोक ज्या निपलवर, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटावर, येत होते त्यावरून बोट फिरवायला मला सांगितले. निपलच्या खाचेतून स्पोकचे टोक बाहेर आलेले होते. रिम टेप त्या जागी घासून फाटली होती आणि टेपखाली तशी आणखी टोके होती.

गाडी 1973 सालची, मद्रासच्या एनफील्ड इंडियाची साडेतीनशे बुलेट. मापे बुलेटवाल्यांना ठाऊकच आहेत : दोन्ही चाके 19 इंची, टायर 3.25-19, रिमला 40 स्पोक. मागच्या रिमला निपलभोवती गंजाने खड्डे पडले होते, पुढची रिम जुनीच असली तरी पत्र्याने दणकट होती, आणि दोन्ही टायरच्या कडांना भेगा गेल्या होत्या. मजुरीसह दोन्ही चाकांसाठी बारा हजारांच्या वर जायचे नाही, असे मी ठरवले होते, कारण त्याच वर्षी इंजिनाचे कामही निघणार होते.

भेटेल तो अलॉय चाके आणि ट्यूबलेस टायर बसवण्याचा सल्ला देत होता. ट्यूबलेसचा फायदा खरा आहे : खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, तर स्पोकच्या चाकात ट्यूब फुटली की व्हॉल्व्हच्या आणि निपलच्या भोकांतून हवा एकदम निसटते. तरीही मी तो मार्ग घेतला नाही. एक तर नुसत्या अलॉय चाकांची किंमतच माझ्या संपूर्ण तरतुदीपेक्षा जास्त निघाली. दुसरे म्हणजे, 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते, पण ती मूळ रूपात असावी लागते आणि तिच्यात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. त्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे आणि नोंदणी झाल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणून मी अजून ती केलेली नाही; परंतु उद्या करावीशी वाटली, तर चाकांमुळे अडचण नको. शिवाय या गाडीला तारांचीच चाके शोभतात, हे माझे प्रामाणिक मत आहे.

जुन्या रिमवर पुन्हा क्रोम चढवण्याचाही विचार केला होता. क्रोमच्या चकाकीखाली गंज अडवण्याचे खरे काम निकेलचा थर करतो. वरचा क्रोमियमचा थर मायक्रॉनच्याही अंशाएवढा पातळ असतो. निकेल नीट बसण्यासाठी आधी सगळा गंज घासून काढावा लागतो आणि निपलच्या खळग्यांत पॉलिशचे चाक पोहोचत नाही, म्हणजे जिथे गंज सर्वांत जास्त तिथेच काम सर्वांत कच्चे राहते. म्हणून मागे नवी क्रोम रिम घ्यायची आणि पुढची जुनी रिम साफ करून, आतून जस्ताचा प्रायमर व बाहेरून चंदेरी रंग देऊन वापरायची, असा निर्णय घेतला. ॲल्युमिनियमची रिम हलकी असते आणि तिला तांबडा गंज धरत नाही. पैसे असते तर मी तीच घेतली असती.

टायर शोधायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. 3.25-19 हे माप बाजारात मिळते, पण हलक्या गाड्यांच्या 18 इंची टायरसारखे ते रोज खपत नाही, त्यामुळे दुकानाच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल ‘नवा’ म्हणून समोर येतो. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘2317’ असेल, तर तो टायर 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. रबर न वापरताही हवेतल्या प्राणवायूने आणि ओझोनने कडक होत जाते, आणि असा टायर ओल्या रस्त्यावर पकड सोडतो. नाना पेठेतल्या एका दुकानात मला सात वर्षांपूर्वीचा टायर दाखवण्यात आला आणि आकड्यांवर बोट ठेवल्यावर ‘खाच तर पूर्ण आहे ना’ असे उत्तर मिळाले. खाच पूर्ण असणे आणि रबर जिवंत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटी दुसरीकडे काही महिन्यांपूर्वीच बनलेली जोडी मिळाली : पुढे उभ्या रेषांचा, मागे ठोकळ्यांच्या नक्षीचा. दोन्हींवर 54 पी असा शिक्का आहे, म्हणजे एका टायरवर 212 किलो भार आणि ताशी 150 किलोमीटर वेग. ही बुलेट त्या वेगाच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे त्याहून महाग टायर घेण्याचे कारण नव्हते. दुकानदाराने 90/90-19 हा पर्यायही सुचवला होता. तो बसतो, पण उंचीने थोडा कमी पडतो आणि मडगार्डखाली मोकळी जागा दिसू लागते, म्हणून नाकारला.

चाके बांधण्याचे काम दोन ठिकाणी झाले आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ तिथेच आहे. मागची रिम आणि स्टेनलेस स्पोकचा संच एकाच दुकानातून घेतला, तेव्हा दुकानाच्याच माणसाने स्वस्तात चाक बांधून देतो म्हटले आणि तासाभरात दिलेही. पुढचे चाक मात्र एका वृद्ध कारागिराकडे दिले. त्यांनी ते चार दिवस ठेवून घेतले आणि मजुरीही दुप्पट सांगितली. जुने स्पोक सोडण्याआधी त्यांनी हबच्या कडेपासून रिमच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून भिंतीवर खडूने लिहिले. ड्रमच्या बाजूचे आणि दुसऱ्या बाजूचे, आतले आणि बाहेरचे स्पोक वेगवेगळे बांधून ठेवले, कारण त्यांची लांबी आणि वाक एकसारखा नसतो. नंतर चाक फिरवत आधी उडी (रिमचे वर-खाली होणे) काढली, मग आऊट (बाजूला डुलणे) काढला, आणि शेवटी प्रत्येक स्पोकवर पान्याने टिचकी मारून सगळ्यांचा सूर जवळजवळ एक येईपर्यंत निपल पाव-पाव फेरा फिरवत राहिले. सर्वांत शेवटी रिमच्या आतून प्रत्येक निपलवर कानस फिरवली. त्या वेळी मला हे सगळे सावकाशपणाचे वाटले आणि पहिल्या दोन महिन्यांत मी ओळखीच्यांना दुकानाचेच नाव सांगत होतो, कारण दोन्ही चाके सारखीच सरळ फिरत होती आणि मागच्या कामाला निम्मे पैसे पडले होते.

पहिल्या महिन्यात टायरबद्दलही माझे मत चांगले नव्हते. पुढचा टायर काँक्रीट रस्त्याच्या लांबीच्या सांध्यांवर सांधा धरून चालत होता, खड्ड्यांचे हादरे हातांपर्यंत येत होते, आणि पहिल्या पावसात ताम्हिणीच्या वळणांवर मला विश्वास वाटेना. साच्यातून निघालेल्या नव्या टायरचा वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत थोडे असे होतेच, पण ते पुढेही टिकले. कारण हवेच्या दाबात होते. पंपावरचा मुलगा हल्लीच्या गाड्यांच्या सवयीने पुढेही 28 पीएसआय भरत असे. या बुलेटला एकट्याने चालवताना पुढे 18 ते 20 आणि मागे 28, मागे कोणी बसले तर 30 पुरते. घरी स्वतःचा गेज आणून पुढे 20 ठेवल्यापासून हादरे निम्म्यावर आले, ओल्या रस्त्यावर पुढचे चाक खंबीर वाटू लागले, आणि सांधा धरण्याची खोड उरली तरी त्रासदायक राहिली नाही. आज या किमतीत मी हीच जोडी पुन्हा घेईन.

आता पुन्हा त्या टोकांकडे येतो, कारण बाकी सगळ्यापेक्षा मला तीच महत्त्वाची वाटतात. वाईत निघालेली ट्यूब घेऊन मी पुण्यात त्या दुकानात गेलो. उत्तर मिळाले, ‘पंक्चरला गॅरंटी नसते.’ मी म्हणालो की हे पंक्चर रस्त्याने केलेले नाही, चाकाने केलेले आहे. त्यावर स्पोक ‘बुलेटचेच’ आहेत, असे सांगण्यात आले, आणि सिद्ध करण्यासाठी लोहचुंबक लावून दाखवण्यात आले, जणू प्रश्न पोलादाच्या जातीचा होता. त्या परीक्षेत तसाही अर्थ नव्हता : थंड अवस्थेत ओढलेली स्टेनलेस तार किंचित चुंबकीय होतेच, त्यामुळे चुंबक थोडा चिकटला म्हणून माल खोटा ठरत नाही आणि सुटला म्हणून लांबी बरोबर ठरत नाही. माझा मुद्दा लांबीचाच होता. संचातले एका बाजूचे स्पोक जुन्या नमुन्याशेजारी धरले, तेव्हा ते सुमारे दोन मिलिमीटर लांब होते. दोन्ही बाजूंना एकच लांबी चालवून घ्यायची आणि उरलेली तार निपलमधून आत जाऊ द्यायची, असा तो संच होता. दोन मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटते. पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात रिम, टेप आणि ट्यूब एकमेकांवर सूक्ष्म सरकतात, आणि तारेच्या कापलेल्या टोकाला धार असते. टेप आधी फाटते, मग ट्यूब. तासभर वाद घातल्यावर मला एक नवी ट्यूब देण्यात आली आणि चाक तपासून देण्यास नकार मिळाला. ट्यूबचे पैसे हा प्रश्न नव्हता. घाटात, उतारावर, मागे कोणी बसलेले असताना हेच झाले असते तर काय, एवढे तरी दुकानाने ऐकून घ्यायला हवे होते.

चाक शेवटी त्या वृद्ध कारागिरांकडेच नेले. बुलेटचे मागचे चाक कश रबरांवरून (धक्का शोषणाऱ्या रबरी तुकड्यांवरून) ड्रमपासून सुटते आणि चेन-स्प्रॉकेट जागेवरच राहतात, त्यामुळे नुसते चाक रिक्षात घालून नेता आले. त्यांनी टेप काढताच मान हलवली. सगळी टोके निपलच्या पातळीवर आणली, बुरा झटकून पुसून काढला, त्यावर रुंद रबरी टेप ताणून बसवली आणि ट्यूबला शंखजिऱ्याची पावडर लावून टायर चढवला. चाक फिरवून पाहिल्यावर उडी एक मिलिमीटरच्या आत होती, पण स्पोकवर टिचकी मारली तर एक घट्ट आणि शेजारचा सैल असे सूर निघाले. म्हणजे दुकानाने चाक सरळ केले होते, पण ताण सारखा केला नव्हता. असे चाक काही काळ सरळ फिरते आणि मग सैल स्पोक आधी हलू लागतात. त्यांनी ताणही सारखा करून दिला. माझी विनंती आहे की टायर चढण्याआधी, कारागीर कोणीही असो, रिमच्या आतून अंगठा फिरवून पाहावे. एकही टोक बोटाला लागले, तर चाक तिथेच थांबवावे आणि कानस मागावी.

क्रोमबद्दलही मत बदलावे लागले आहे. रिम घेतली तेव्हा तिची चकाकी पाहून मी समाधानी होतो. एक पावसाळा गेल्यावर निपलच्या भोकांच्या कडांना तांबूस ठिपके आले आहेत, कारण भोकांच्या आतल्या कडेला थर सर्वांत पातळ चढतो आणि पाणी तिथेच साठते. पुढच्या जुन्या, रंगवलेल्या रिमला एकही डाग नाही. एवढ्यावरून मी कमी पैशांत चाके करणाऱ्याला सांगेन की मूळ रिम जाड आणि सरळ असेल, तर ती रंगवून वापरावी आणि क्रोमचा हट्ट सोडावा. नवी घेणारच असाल, तर चाक बांधण्याआधी भोकांच्या आतल्या कडांना पातळ प्रायमर लावून घ्यावा. बांधल्यावर तिथे ब्रश पोहोचत नाही. ठिपक्यांवर मी सध्या महिन्यातून एकदा मेण चोळतो आणि गंज पसरलेला नाही.

खर्च असा झाला : टायरची जोडी पाच हजारांच्या आत, मागची रिम सव्वादोन हजार, स्टेनलेस स्पोक आणि क्रोम चढवलेले पितळी निपल मिळून बाराशेच्या आसपास, ट्यूब, टेप, रंग व दोन्हीकडची मजुरी धरून बाकीचे दोन हजार. पितळी निपल मी मुद्दाम मागून घेतले, कारण स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे आवळताना धरून बसतात आणि नंतर फिरत नाहीत. मागच्या चाकाच्या दुसऱ्या मजुरीसह हिशेब अकरा हजारांच्या थोडा पुढे गेला. पुढच्या चाकाला अजून जुनेच स्पोक आहेत आणि त्यांतल्या काहींचे आटे झिजत आले आहेत. पावसाळ्याआधी तेही बदलायचे आहेत, आणि या वेळी चारही प्रकारचे नमुने सोडून, लांबी मोजून, तेवढ्याच मापाची तार कापून आटे पाडून देणाऱ्याकडूनच घेणार आहे.