डिक्सिट: मराठीच्या वर्गात आणि कोजागिरीच्या गच्चीवर

मी पुण्यात मोठ्या माणसांना मराठी शिकवते. शनिवार-रविवारचा वर्ग असतो. येणारे बहुतेक जण नोकरीसाठी इथे आलेले: हिंजवडीत काम करणारे तमिळ आणि उडिया तरुण, केरळच्या नर्स, मराठी घरात सून म्हणून आलेली एखादी पंजाबी किंवा बंगाली मुलगी. यांना व्याकरण समजतं, गृहपाठ होतो, पण बोलायची वेळ आली की सगळे हिंदीवर नाहीतर इंग्रजीवर येतात. म्हणून मी वर्गात खेळ आणायला लागले. बरेच खेळ आले आणि कपाटात गेले. टिकून राहिला तो डिक्सिट. त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे तो फक्त बोर्डगेम कॅफेत जाणाऱ्यांनाच माहीत आहे आणि मराठी शिकवणाऱ्या, मराठी घरात पाहुणे गोळा करणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

खेळ फ्रान्सचा. 2008 साली लिबेल्यूड कंपनीने काढला. तो रचणारे ज्यां-लुई रुबिरा हे लहान मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ, आणि मूळ संचातली चित्रं मारी कार्दुआ यांची. 2010 मध्ये जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार त्याला मिळाला. डब्यात 84 मोठी कार्डं, गुण मोजायचा पट आणि सोंगट्या म्हणून ससे. कार्डांवर एक अक्षरही छापलेलं नाही, फक्त चित्रं आहेत. स्वप्नात दिसावीत तशी. त्यामुळे तो खेळ फ्रेंच नाही, इंग्रजी नाही. ज्या भाषेत तुम्ही बसून बोलाल त्या भाषेचा आहे. मराठीसाठी त्यात काहीही बदलावं लागत नाही, आणि मराठीत खेळायला असं काही बाजारात सहज मिळत नाही.

खेळायचं असं. प्रत्येकाच्या हातात सहा कार्डं. ज्याची पाळी असेल तो आपल्यातलं एक कार्ड मनात धरतो आणि त्यावरून एक इशारा देतो: एखादा शब्द, एखादं वाक्य, गाण्याची ओळ, नुसती गुणगुणलेली चाल, काहीही. कार्ड तो उपडं ठेवतो. बाकीचे आपापल्या हातातलं, त्या इशाऱ्याशी जुळेलसं एकेक कार्ड त्याच्याकडे सरकवतात. सगळी कार्डं पिसून चित्रं वर येतील अशी मांडायची, आणि मूळ कार्ड कोणतं हे बाकीच्यांनी मत देऊन सांगायचं. सगळ्यांनी ओळखलं तर इशारा देणाऱ्याला शून्य. कुणीच ओळखलं नाही तरी शून्य. या दोन्ही वेळा बाकीच्यांना दोन-दोन गुण. काहींनी ओळखलं, काहींनी नाही, तर इशारा देणाऱ्याला तीन आणि ओळखणाऱ्यांनाही तीन. शिवाय तुमच्या कार्डाला चुकून जितकी मतं पडतील तितके गुण तुम्हाला जादा. तीस गुण झाले की खेळ संपतो.

या गुण देण्याच्या पद्धतीतच सगळी करामत आहे. इशारा फार सोपा चालत नाही आणि फार अवघडही चालत नाही, मधला लागतो. मधला इशारा द्यायला मोठा शब्दसंग्रह लागत नाही. मूळ संचात एक कार्ड आहे: एक गोगलगाय आणि तिच्यासमोर वर वर जाणारा जिना. माझ्या वर्गातल्या उडिया मुलाला तेव्हा जेमतेम दोन-तीनशे शब्द येत असतील. तो म्हणाला, “उशीर.” बस, एवढंच. टेबलावर उलटलेल्या कार्डांपैकी निदान तीन कार्डांना ‘उशीर’ शोभत होता. दोघांनी बरोबर ओळखलं, बाकीचे फसले, त्याला तीन गुण. पुढे कधीतरी तेच कार्ड माझ्या भाच्याच्या हातात आलं. तो त्या दिवशी मदतीला आला होता, पुण्यातच वाढलेला. त्याने थाटात सांगितलं, “सरकारी काम, सहा महिने थांब.” टेबलावरच्या एकालाही ती म्हण माहीत नव्हती. मतं भलतीकडेच पडली आणि त्याला शून्य मिळालं. मग त्याला ती म्हण सगळ्यांना समजावून सांगावी लागली, तीही सोप्या मराठीत. पुढच्या वर्गात एकीने ती अगदी बरोबर जागी वापरली.

म्हणजे ज्याला मराठी कमी येतं तो इथे मागे पडत नाही, आणि ज्याला जास्त येतं त्याला समोरच्याचा विचार करून बोलावं लागतं. भाषेच्या वर्गासाठी मला यापेक्षा चांगला नियम सापडलेला नाही. आपले नेहमीचे खेळ याच्या अगदी उलट चालतात. गाण्याच्या भेंड्या मला स्वतःला अतिशय प्रिय आहेत, पण ‘ण’वर अडलं की ज्याच्या पोटात पाचशे गाणी आहेत तोच बोलतो आणि नवा माणूस टाळ्या वाजवत बसतो. नाव-गाव-फळ-फूल शिकणाऱ्यांना थोडं बरं, कारण लिहायला मिळतं. पण तेही शब्दांचा साठा मोजणारंच. दमशेराजमध्ये तर बोलायचंच नसतं.

खरं बोलणं डिक्सिटमध्ये मतदानानंतर होतं. डाव उघडला की कुणी काय टाकलं, का टाकलं, यावर सगळे एकदम सुटतात. “हे कुणी टाकलं?” “मी टाकलं.” “तू का टाकलंस?” “मला वाटलं की तिने चंद्राचं कार्ड दिलं असेल.” भूतकाळाचा हा प्रयोग फळ्यावर शिकवताना माझा घसा बसायचा. हिंदीवाले हमखास ‘मीने टाकलं’ म्हणतात, कारण त्यांच्या ‘मैंने’चा ‘ने’ जिभेवर असतो. तमिळ आणि मल्याळम बोलणाऱ्यांना क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे का जातं हेच मुळात पटत नाही. इथे प्रत्येक डावाला सहा जण ‘मी टाकलं, तू टाकलंस, त्याने टाकलं, तुम्ही टाकलंत’ घोळवतात, आणि तेही रागाने, हसत, एकमेकांवर आरोप करत. नियम आठवायला कुणी थांबत नाही. महिन्याभरात ‘मीने’ जातं. केरळच्या एका नर्सने मला सांगितलं की वॉर्डात आजोबांना ‘तुम्ही गोळी घेतलीत का?’ हे तिच्या तोंडून आपोआप आलं. याचं श्रेय मी निम्मं तिच्या मेहनतीला देते आणि निम्मं या कार्डांना.

वर्गासाठी मी काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. इशारा दोनदा म्हणायचा, दुसऱ्यांदा सावकाश. मत देताना फक्त आकडा दाखवायचा नाही, एक ‘कारण’चं वाक्य जोडायचं. अगदी नवख्यांनी विशेषण आणि नाम मिळून इशारा द्यायचा: उंच जिना, उंच शिडी ठीक आहे, पण मोठा जिना, मोठी शिडी, मोठं झाड म्हणताना लिंग सांभाळावंच लागतं. मराठी घरातल्याने म्हण किंवा गाण्याची ओळ दिली तर डाव संपल्यावर ती समजावून सांगणं त्याच्याकडे. आणि चुका मध्येच दुरुस्त करायच्या नाहीत. मी वहीत टिपून ठेवते आणि शेवटी फळ्यावर घेते. मध्ये बोललं की खेळाचा खेळ राहत नाही.

आता अडचणी, कारण त्या आहेत. पहिली म्हणजे किंमत. माल बाहेरून येतो, आणि कार्डांच्या एका डब्याला एवढे पैसे का, असं घरात कुणीतरी विचारणारच. दुसरी, माणसांची संख्या. मूळ संच तीन ते सहा जणांचा; 2021 मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत आठ जण खेळू शकतात आणि मत द्यायला आकड्यांच्या फिरत्या चकत्या आहेत. माझ्या वर्गात त्याहून जास्त लोक असतात, म्हणून मी जोड्या लावते: एका जोडीत मिळून सहा कार्डं. त्याचा फायदा असा की कोणतं कार्ड टाकायचं यावर जोडीत कुजबुज होते. तोटा असा की ती कुजबुज हळूच हिंदीत सरकते, आणि मला टेबलाभोवती फिरत राहावं लागतं. तिघांत मात्र हा खेळ अजिबात खेळू नये. नियमांत सोय आहे, पण मतंच दोन पडणार असतील तर गंमत कुठून येणार? पाच-सहा जण हवेत.

तिसरी अडचण वर्गातच कळते. 84 कार्डं पुरेशी वाटतात, पण तेच लोक आठवड्यामागून आठवडे खेळले की कार्डं ओळखीची होतात आणि इशारे ठरून जातात. गोगलगाय दिसली की ‘उशीर’ ठरलेला. तेव्हा जोडसंच घ्यावा लागतो. प्रत्येक जोडसंचात आणखी 84 कार्डं असतात, बहुतेकांत चित्रकार वेगळे असतात, आणि काहींतली चित्रं बरीच काळोखी आहेत. लहान मुलं असतील तर आधी स्वतः चाळून चार-सहा बाजूला काढा. आणि काही माणसं इशारा द्यायला फार वेळ घेतात. मी वाळूचं घड्याळ ठेवून पाहिलं. त्याने लाजाळू माणसं घाबरली, म्हणून ते काढलं आणि ‘एका शब्दाचा इशारा चालेल’ हे पुन्हा पुन्हा सांगायला लागले. ते लागू पडलं.

अगदी पहिल्या आठवड्यातल्या लोकांना डिक्सिट जड जातो हे खरं. त्यांच्यासाठी मी डॉबल ठेवते, छोट्या गोल पत्र्याच्या डबीत येतो तो. 55 गोल कार्डं, प्रत्येकावर आठ चित्रं, आणि कोणतीही दोन कार्डं घ्या, त्यांच्यात एक आणि एकच चित्र सारखं. त्यामागे भूमितीचं सुंदर गणित आहे. सारखं चित्र दिसलं की त्याचं नाव मराठीत ओरडायचं: कासव, गाजर, कुलूप, कात्री, मेणबत्ती, कोळी. नामं पाठ करायला याच्यासारखं काही नाही आणि पाच मिनिटांत वर्ग जागा होतो. पण डॉबल नजरेचा वेग मोजतो. ज्याची नजर तेज तो जिंकतो, शांत माणूस पुन्हा मागे. शिवाय वाक्य कधीच बोललं जात नाही. इग्लू आणि बर्फाचा माणूस मराठी वर्गात विशेष कामाचे नाहीत, ते वेगळंच. सुरुवातीचे काही वर्ग तो वापरावा आणि मग पुढे जावं.

आता घरची गोष्ट. कोजागिरीला आमच्याकडे गच्चीवर बरीच माणसं जमतात. सासूबाई, त्यांच्या बहिणी, आमच्या पिढीतले सगळे आणि अमेरिकेत वाढलेली दोन भाचरं, ज्यांना मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं. मसाला दूध आटेपर्यंत डिक्सिट काढला. नियम समजावण्यात वेळ घालवला नाही. एक डाव गुण न मोजता खेळून दाखवला, तो उपाय मी सगळ्यांना सुचवेन. सासूबाईंनी इशारा दिला, “माहेर.” आणि टेबलावर जी कार्डं उलटली त्यातलं प्रत्येक कुणा ना कुणाला माहेर वाटत होतं. मावशींना बोट, जाऊबाईंना उघडं दार, भाच्याला चक्क एक पिंजरा. त्याला कारण विचारलं तर तो मराठीत सांगायला लागला की आई माहेरी गेली की परत यायला तयारच नसते, म्हणून. वाक्यात तीन चुका होत्या. कुणी दुरुस्त केल्या नाहीत, आणि तो पुढचा तासभर मराठीतच भांडत राहिला. घरातल्या मोठ्यांनी ‘मराठीत बोल’ असं सांगून जे होत नव्हतं ते मी माझ्या डोळ्यांनी होताना पाहिलं, आणि त्यासाठी मी हा खेळ कितीही वेळा विकत घेईन.

गच्चीवर एक मात्र सांभाळा: चांदणं या खेळाला पुरत नाही. चित्रांत बारकावे खूप आहेत, ज्येष्ठांना ते अंधारात दिसत नाहीत, म्हणून वर चांगला दिवा टांगा आणि चष्मे आधीच वर आणायला सांगा. दुधाचे पेले दुसऱ्या टेबलावर. माणसं आठाच्या वर गेली तर आजी-नातू अशा जोड्या लावा, सर्वात छान जोड्या त्याच होतात.

पहिल्यांदा घेणार असाल तर मूळ संचच घ्या, जोडसंच नको. जोडसंचात ससे आणि गुणांचा पट नसतो. आणि त्याच दिवशी कार्डांसाठी प्लास्टिकची पाकिटं मागवा. कार्डांचं माप 80 गुणिले 120 मिलिमीटर आहे, नेहमीच्या पत्त्यांची पाकिटं बसत नाहीत. पुण्याच्या पावसाळ्यात पाकिटाविना कार्डं दमट होऊन वाकतात, आणि वाकलेलं कार्ड उपडं ठेवलं तरी कुणाचं आहे ते सगळ्यांना कळतं.