लेकाचे पायाचे ब्रेस, म्हणजे एएफओ : नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

एएफओ म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारे प्लास्टिकचे ब्रेस. आधी थोडी माहिती देते म्हणजे कोणाच्या पायाबद्दल बोलतेय ते कळेल. माझा मुलगा सहा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम होतो तो आजार), त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे हात बऱ्यापैकी चांगले आणि दोन्ही पाय कडक. तिसाव्या आठवड्यात झालेला. वॉकर धरून चालतो, म्हणजे हालचालीच्या क्षमतेची जी पाच पायऱ्यांची जीएमएफसीएस मोजणी असते त्यात लेव्हल तीन. चवड्यावर चालायचा, टाच जमिनीला लागायचीच नाही, आणि गुडघे एकमेकांवर घासायचे. आम्ही कराडला राहतो, पुण्याला दाखवतो, एसटीने जाऊन येऊन अख्खा दिवस जातो. हे एवढ्यासाठी सांगतेय की आमच्यासारख्या लांबून येणाऱ्यांना ब्रेस एकदा चुकला की नुसते पैसे जात नाहीत, मुलाचे महिने जातात.

आमचे पहिले ब्रेस चुकले. ते घोट्याला बिजागरी असलेले होते, हिंज्ड म्हणतात ते. दुकानात सांगितलं की हेच लेटेस्ट आहेत, घोटा हलतो त्यामुळे चाल नैसर्गिक येते, आणि मलाही ते पटलं कारण कोणत्या आईला आपल्या लेकराचा पाय प्लास्टिकात गच्च बांधलेला आवडेल. मापं दहा मिनिटांत घेतली, तो माझ्या मांडीवर रडत होता, पाय कसा धरला होता ते कोणी बघितलं नाही. पंधरा दिवसांत दोन्ही पावलांच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं खाली पुढे जे हाड वर येतं ना, तिथे लालभडक वण. नंतर निळसर. मी स्पंज लावला, पट्टा सैल केला, दोन-दोन मोजे घातले, सगळं केलं. आणि चाल सुधारायच्या ऐवजी गुडघे आणखी वाकायला लागले.

मग ओळखीतल्या एका आईने दुसऱ्या फिजिओताईंचं नाव सुचवलं. त्यांनी ब्रेसकडे बघितलंच नाही आधी, त्याला उताणं झोपवलं आणि पाऊण तास फक्त पाय तपासले. तो पाऊण तास माझ्या डोक्यात पक्का बसलाय म्हणून तेवढा सविस्तर लिहिते.

पहिलं, गुडघा वाकवून पाऊल वर ढकललं, पाऊल आरामात वर आलं. मग गुडघा सरळ ठेवून तेच केलं, तर काटकोनाच्या जेमतेम पुढे येऊन अडकलं. ताई म्हणाल्या, "बघा मॅडम, पोटरीत दोन स्नायू आहेत, वरचा गुडघ्याच्याही वरून येतो, खालचा फक्त घोट्यावरून जातो. गुडघा वाकवल्यावर सुटतंय म्हणजे आखडलाय तो मुख्यतः वरचा." ही एका स्वीडिश डॉक्टरच्या नावाची टेस्ट आहे म्हणे, सिल्फवर्शोल्ड. मला तीन वर्षांत कोणी ही करून दाखवली नव्हती, आणि करायला एक मिनिट लागतं हो!

दुसरं, पाऊल एकदा झटकन ढकललं आणि एकदा अगदी सावकाश. झटकन केलं की मधेच खट्कन अडकायचं, सावकाश केलं की तिथून बरंच पुढे जायचं. या दोन्हीतला फरक मोठा असेल तर तो कडकपणा मेंदूच्या सिग्नलमुळे आहे, त्यावर बोटॉक्सचा, म्हणजे स्नायू काही काळ सैल करणाऱ्या इंजेक्शनचा, उपयोग होतो. फरक नसेल, दोन्ही वेळा एकाच जागी अडकत असेल, तर स्नायूच आखूड झालाय, तिथे इंजेक्शन देऊन काही होत नाही, प्लास्टर किंवा पुढे ऑपरेशन. आमच्याकडे दोन्ही थोडं थोडं होतं.

आणि मग त्यांनी बिजागरीचं कोडं सोडवलं. पोटरी आखडलेली असताना चालताना नडगी पुढे जाते तेव्हा घोटा वाकायला तयार नसतो, पण बिजागरी वाकायला सांगते, मग पाय वाकतो कुठून तर पावलाच्या मधून. पावलाची कमान खाली बसते आणि ते आतलं हाड प्लास्टिकवर घासतं. म्हणजे तो लाल वण स्पंजने जाणाराच नव्हता. मी घरी येऊन खूप रडले त्या दिवशी. सहा महिने त्या लेकराने तो त्रास सोसला, आणि मी त्याला म्हणत होते घाल राजा, सवय होईल.

पुढचं पटकन सांगते. पोटरीत बोटॉक्स, त्यानंतर दर आठवड्याला प्लास्टर बदलत तीन आठवडे, प्रत्येक वेळी पाऊल थोडं थोडं वर. बोटॉक्सचा असर साधारण तीन-चार महिने टिकतो, त्यामुळे तेवढ्या काळात ब्रेस आणि व्यायाम नीट बसवून घ्यायचे. प्लास्टरचे तीन आठवडे घरात कठीण गेले, अंघोळ नाही, रात्री खाज, सासूबाई विणकामाची सुई घेऊन खाजवायला निघाल्या होत्या, ते मात्र करू नका, आत जखम होते.

एका डॉक्टरांनी मधे सरळ टाचेची नस सोडवायचं ऑपरेशन सांगितलं होतं. दुसरं मत घेतलं ते बरं झालं. गुडघ्यामागचे स्नायूही कडक असताना नुसती टाचेची नस लांब केली, आणि ती जास्त लांब झाली, तर पोटरीचा आधार जातो आणि मूल बसकं, म्हणजे गुडघे वाकवून, चालायला लागतं, आणि ते परत उभं करणं फार अवघड. शक्यतो आठ-दहा वर्षांचा होईपर्यंत थांबून जे करायचं ते एकदम करू असं ठरलंय. आमच्या जुन्या फाईलवर एका वयस्कर डॉक्टरांनी लिटल्स डिसीज लिहिलंय, तेव्हा ताईंनी सांगितलं की लंडनच्या ज्या विल्यम लिटल यांच्या नावाने हे ओळखलं जायचं त्यांचा स्वतःचा एक पाय लहानपणापासून वाकडा होता आणि 1836 मध्ये जर्मनीत जाऊन त्यांनी स्वतः टाचेची नस कापून घेतली होती. नंतर 1861 मध्ये त्यांनी अशा कडक पायांच्या मुलांबद्दल पेपर वाचला. का कोण जाणे, ते ऐकून मला धीर आला.

आता आत्ताचे ब्रेस. सॉलिड एएफओ, बिजागरी नाही, पॉलिप्रॉपिलीनचे, गुडघ्याच्या खालपर्यंत, बोटांच्या टोकापर्यंत तळवा. दोन्हीचे मिळून साडेनऊ हजार गेले. माप घेताना ब्रेस बनवणाऱ्या दादांनी त्याला उंच स्टुलावर बसवून गुडघा वाकवला, ताईंनी टाच सरळ धरून ठेवली, प्लास्टर घट्ट होईपर्यंत दोघंही हलले नाहीत. माझ्या मते सगळे पैसे त्या दहा-बारा मिनिटांचे आहेत. नंतर बुटाच्या टाचेखाली आतून पातळ वेज, म्हणजे पाचर, लावून बाजूने व्हिडिओ काढला, नडगी किंचित पुढे कललेली हवी, मागे नको आणि फार पुढे नको. तीन वेळा वेज बदलला. तिसऱ्या वेळेला तो उभा राहिला आणि गुडघे सरळ झाले, तर तो स्वतःच खाली बघत राहिला.

घरी पहिल्या आठवड्यात एकेक तास, दिवसातून दोनदा, मग वाढवत नेलं. काढल्यावर दरवेळी पाय बघायचा, लाली वीस-तीस मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर फोन करायचा. घालताना गुडघा वाकवून, टाच आधी पार मागे बसवायची आणि घोट्याचा पट्टा सगळ्यात आधी आवळायचा. टाच बसलीय का ते बाहेरून कळत नाही. दादा म्हणाले आत लिपस्टिकचा ठिपका लावून बघा, तर सासूबाईंनी देव्हाऱ्यातलं कुंकू आणलं आणि ब्रेसच्या टाचेत बोट टेकवलं, मोजा पांढरा. दहा मिनिटांनी काढलं तर डाव्या मोज्यावर लाल ठिपका आणि उजवा कोरा. उजवी टाच वरच राहत होती! पट्ट्याची जागा अर्धा इंच मागे घेतल्यावर उजव्यावरही ठिपका आला. आता महिन्यातून एकदा हे करतो, लेकाला ते फार आवडतं, आज्जी आधी उजवा बघ म्हणतो.

त्रासाचं पण लिहिते. एप्रिल-मे वाईट जातो, घामोळ्या येतात, लांब सुती मोजे उलटे घालायचे म्हणजे शिवण बाहेर राहते, आणि दुपारी मोजे बदलायचे. वेलक्रोमध्ये दोरे अडकून सहा महिन्यांत पकड गेली, जुना टूथब्रश फिरवते आठवड्याला, शेवटी एक पट्टा बदलला. ब्रेस ओल्या फडक्याने पुसायचे, उन्हात किंवा गाडीत ठेवायचे नाहीत, उष्णतेने आकार दिलेलं प्लास्टिक आहे. बूट दोन नंबर मोठे लागतात, आतला सोल काढून.

आणि आपल्याकडे सगळं जमिनीवर. सॉलिडमध्ये मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, जमिनीवरून उठता येत नाही. म्हणून संध्याकाळी दीड तास ब्रेस काढून जमिनीवर खेळायला सोडतो, रांगू दे, लोळू दे, त्याचाही हक्क आहे तो. शाळेत वर्गाबाहेर बूट काढायची पद्धत होती, नुसता ब्रेस फरशीवर सटकतो, मी बाईंना जाऊन दाखवलं, त्यांनी त्याच दिवशी परवानगी दिली. घरात मात्र मला संकोच होता, पायात बूट घालून पोरगं देवघरापर्यंत जातं. सासूबाईच म्हणाल्या, "अगं, त्याचे बूट म्हणजे त्याचे पायच आहेत, जाऊ दे त्याला."

नऊ महिन्यांत काय बदललं तर टाच टेकते, वॉकरने घरापासून किराणा दुकानापर्यंत न थांबता जातो, आधी तीनदा थांबायचा. ब्रेस काढल्यावर परत चवड्यावर जातो, हे मात्र मनाशी धरा, ब्रेस काही पाय बरा करत नाही. रोज स्ट्रेचिंग, गुडघे सरळ ठेवायला रात्री गेटर, म्हणजे गुडघ्याभोवती बांधायचा पट्टा, हे चालूच. आणि खुब्याचा एक्सरे. पायाकडे बघता बघता खुब्याकडे आमचं लक्षच नव्हतं, ताईंनी काढायला लावला. खुबा दुखत नसतानाही हळूहळू सरकत असतो, तीस टक्क्यांच्या वर बाहेर आला की डॉक्टर काळजी करतात. आमचा बावीस आहे, सहा महिन्यांनी परत.

पैशाचं विचारतात म्हणून, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, करून घ्या, आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंत कव्हर, सेरेब्रल पाल्सी त्यात बसते, थेरपीचाही खर्च त्यात धरलाय. मुंबईला हाजी अलीची सरकारी पुनर्वसन संस्था आहे, तिथे ब्रेस बनवायची वर्कशॉप आहे, ज्यांना मुंबई जवळ आहे त्यांनी तिथेही चौकशी करावी.

मी पाचपैकी चार देईन, एक कापला तो उन्हाळा आणि उकिडवं बसण्यासाठी. दिवाळीनंतर नवीन मापं द्यायची आहेत, बोटं पुढच्या कडेला टेकायला लागलीत आणि वरचा पट्टा पोटरीत रुततोय. यावेळी प्लास्टिकवर चित्राचा कागद लावून मिळतो, त्याला लाल ट्रॅक्टर हवाय. जुनी जोडी कोणाला देऊ नका, ती फक्त त्याच पायाची असते, पण मापाला जाताना सोबत नक्की न्या, कुठे घासलीय ते बघून दादा नवीन जोडीत तेवढं सुधारतात.